एकशे सतरावं वाक्य

प्रिय खारू,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कागद पातळ आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेत, आणि अक्षर इतकं बारीक काढलंय की माझं मलाच वाचताना डोळे ताणावे लागतायत. असं का, ते शेवटी सांगते. आधी एक कर. बाथरूममध्ये जा, आतून कडी लाव, नळ सोडून ठेव आणि मग वाच. भाजीला वीस मिनिटं, दुधाला सात, असं तुझं सगळं घड्याळावर चालतं हे मला ठाऊक आहे. आंघोळीला किती मिळतात ते मी कधी विचारलं नाही. पुरेशी मिळोत. मला हे लिहायला सहा वर्षं लागली आहेत.

गेल्या महिन्यातल्या आपल्या फोनपासून सुरुवात करते. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता; मागे तुझ्या नवऱ्याचं खाकरणं ऐकू येत होतं. तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस, सासूबाईंना हल्ली वर्तमानपत्र वाचता येत नाही असं सांगितलंस, आणि मग एकदम म्हणालीस, "ताई, ते काकांचं बसण्याबद्दलचं वाक्य पुन्हा एकदा वाच ना गं." मी वही उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती, मला ते पाठ आहे. तरी उघडून, बोट ठेवून वाचलं: "जिथे आहेस तिथेच बस. उठून जावंसं वाटतं, तेच तुझं दुखणं आहे. जागा बदलून ते बदलणार नाही." तू म्हणालीस, "हं. बरं वाटलं." लहानपणी डॉक्टरांनी पोट दाबलं की तू "नाही दुखत" म्हणायचीस ना, अगदी त्याच आवाजात. फोन ठेवल्यावर मी डायरीत लिहिलं, "खारूला बरं वाटलं." थोडा वेळ त्या ओळीकडे बघत बसले आणि ती खोडली. मी डायरीत खाडाखोड करत नाही हे तुला माहीत आहे. चुकलेलंही तसंच राहू देते, उगाच आपण शहाण्या होतो असं पुढे वाटायला नको म्हणून. पण ही ओळ चुकलेली नव्हती, खोटी होती.

काकांना तू दोनदाच पाहिलंस, म्हणून जरा मागून सांगते. चष्म्याचं दुकान, त्यामागे भिंगं घासायची खोली, आणि त्या खोलीत दर रविवारी सकाळी जमणारी आम्ही पंधरा-वीस माणसं. काकांनी स्वतःहून कधी प्रवचन दिलं नाही. कुणीतरी काहीतरी विचारायचं, ते हातातलं भिंग फडक्याने पुसता पुसता उत्तर द्यायचे, कधी दोन शब्दांत, कधी तासभर. मी रेकॉर्डर ठेवायचे आणि आठवडाभर छापखान्यातून आल्यावर ते उतरवून काढायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईला हे काम किती गोड वाटलं असेल, विचार कर. मुद्रितं तपासताना मला काही गाळायचा अधिकार नसतो. इथे होता. आणि मी गाळले ते प्रश्न.

हे मी अगदी विचारपूर्वक केलं होतं. प्रश्न लांबलचक असत, घरगुती असत. कुणाचा जावई, कुणाची बदली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. उत्तरं मात्र अशी की चारचौघात वाचली तर माणूस गप्प व्हावा. मला वाटलं, प्रश्न एकाचा असतो, उत्तर सगळ्यांचं असतं. म्हणून प्रश्न काढून टाकले, विचारणाऱ्यांची ओळख काढून टाकली, आणि सोळा वर्षांची चारशे बारा वाक्यं क्रमांक घालून एका वहीत सुवाच्य उतरवली. मग तिचं पुस्तक झालं. पहिली प्रत काकांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी केली, वजनाचा अंदाज घेतला, आणि घासायच्या यंत्राचा एक पाय बरेच दिवस लटपटत होता त्याच्याखाली सारली. यंत्र थांबलं हलायचं. सगळे म्हणाले, काय ही निरिच्छता! मला मात्र राग आला होता. सगळे गेल्यावर मी ती प्रत काढून पुसली आणि त्या जागी पुठ्ठा घातला. आता वाटतं, पुस्तकाचा तेवढाच एक धडधडीत उपयोग झाला होता आणि तोही मी होऊ दिला नाही.

चार महिन्यांपूर्वी काकांना झटका आला, हे मी फोनवर सांगितलंच होतं. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, काठी घेऊन चार पावलं चालतातही, पण तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून लोक माझ्याकडे यायला लागले. अमुक बाबतीत काका काय म्हणाले होते? मुलीला परदेशी पाठवू का? ऑपरेशन करू का? भावाशी बोलू का? मी वही उघडायची, क्रमांक सांगायचा. आमच्या मंडळाचे अध्यक्ष, ते बँकेतून निवृत्त झालेले, मला सगळ्यांसमोर "काकांची जीभ" म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. आवडलं होतं आणि त्याच वेळी खुपतही होतं. कारण कुणी समोर बसून रडायला लागलं की मला त्या माणसाचा चेहरा दिसेनासाच व्हायचा. मी मनात क्रमांक चाळत असायचे.

संध्याकाळी छापखान्यातून सुटले की मी काकांकडे जाऊन त्यांचीच वाक्यं त्यांना वाचून दाखवायचे. त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. ते खिडकीबाहेर बघत बसायचे. पंधरा दिवसांपूर्वी, तुझा फोन होऊन गेल्यावर, मी एकशे सतरावं, तेच बसण्याबद्दलचं, वाचलं. का कोण जाणे, दोनदा वाचलं. काका उठले. काठी टेकत कोपऱ्यातल्या खणापाशी गेले. न नेलेल्या चष्म्यांचा तो खण. लोक बनवायला टाकतात आणि येतच नाहीत, त्यांचे चष्मे नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधून तिथे ठेवलेले असतात. काकांनी त्यातला एक काढला, चिठ्ठी दातांनी ओढून तोडली, माझ्याजवळ आले, माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि तो दुसरा मला घातला. खारू, खोली तिरकी झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वळवळायला लागले. मी काढायला हात वर केला तर त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबून धरला, आणि वहीकडे मान हलवली. वाच. मी वाचायचा प्रयत्न केला. माझ्याच अक्षरातली माझी वही, एक अक्षर लागेना. डोकं गरगरायला लागलं. त्यांनी मिनिटभर तरी तसंच ठेवलं असेल. मग चष्मा काढून घेतला, जमिनीवरची चिठ्ठी शोधली, आणि एका हाताने व दातांनी ती त्या चष्म्याला पुन्हा बांधत बसले. बाकी सगळं भराभर झालं होतं. गाठ मारायला मात्र त्यांना किती वेळ लागला! मी मदत करायला गेले तर कोपराने ढकललं.

मी काय केलं असेल? रविवारी मंडळात सांगितलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. म्हणाले, "ताई, हे चारशे तेरावं! लिहून घ्या, लिहून घ्या." आणि पुढच्या रविवारी त्या खोलीत अकरा माणसं एकमेकांचे चष्मे घालून, पाठ ताठ करून, मौन धरून बसली. मीही बसले. माझ्या नाकावर अध्यक्षांचा होता. उठताना निवृत्त शाळामास्तर पायरी चुकून पडले, त्यांचं मनगट मुरगळलं. काकांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते आणि ज्या आता दुकान चालवतात, दारात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगा हं, डोकेदुखीच्या गोळ्या आणून ठेवते." सगळे पांगल्यावर मी खजील होऊन वही आवरत होते तेव्हा त्या जवळ आल्या. "ताई, तुम्ही त्या दिवशीचं सगळं सांगितलंत. बाबांनी शेवटी चिठ्ठी परत बांधली, मी दारातून पाहिलं, ते सांगायचं राहिलं का?" मी म्हटलं, राहिलं खरं. "मग तेवढंच तर होतं," त्या म्हणाल्या, आणि शटर ओढायला गेल्या.

घरी आले आणि पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढला. सगळ्या कॅसेट त्यात आहेत. मी फेकत काही नाही. वाक्यं उतरवून झाल्यावर त्या पुन्हा कधी ऐकल्या नव्हत्या, कारण वही होतीच. चार दिवस छापखान्यात रजा टाकून ऐकत बसले, आणि चौथ्या दिवशी दुपारी एकशे सतरावं सापडलं.

विचारणारा औषधांचा फिरता विक्रेता होता. मला तो आठवला, सारखा पाय हलवायचा. तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडलेल्या, दोनदा ठरलेलं लग्न मोडलेलं, आणि आता विचारत होता की सहावी नोकरीही सोडू का, मन लागत नाही. काका आधी खो खो हसतात. मग म्हणतात, "अरे बाबा, आता तू जिथे आहेस तिथेच बस जरा." सगळे हसतात, तोही हसतो. मग पुढचं, दुखण्याचं. मी "अरे बाबा" गाळलं, "जरा" गाळलं, हशा गाळला. त्या माणसाचा हलणारा पाय गाळला. जे उरलं ते किती गंभीर, किती देखणं दिसत होतं!

कॅसेट बंद करायला हात पुढे केला, पण केली नाही. त्याच सकाळी, त्यानंतर अर्ध्या तासाने, एका बाईचा आवाज आहे. हळू बोलते. म्हणते, घरात काही वाईट घडत नाही काका, कुणी मारत नाही, पण मी दार उघडलं की कोण आलं, कुठे चाललीस, किती वेळ. मला घरात पुरता श्वास घेता येत नाही. फडकं भिंगावर फिरल्याचा आवाज थांबलेला कळतो. आणि मग काका म्हणतात, "मग ऊठ बाई. आजच ऊठ. कारण शोधत बसू नकोस, कारण मागाहून सापडेल."

हे वाक्य वहीत नाही. का नाही, ते आठवावं लागलं नाही, त्या तारखेच्या डायरीत लिहूनच ठेवलंय: "आज दोन उत्तरांत उघड विसंगती. वाचकाचा गोंधळ होईल. दुसरे वगळले. पहिले अधिक बांधेसूद आहे." बांधेसूद! एकाच सकाळी, एकाच माणसाने, अर्ध्या तासाच्या अंतराने एकाला बस म्हटलं आणि एकीला ऊठ म्हटलं, आणि मला त्यात मुद्रणदोष दिसला.

तुला ते कपाट आठवतं का? मी दहा वर्षांची, तू सहाची. लपाछपी खेळताना मी तुला आईच्या साड्यांच्या कपाटात बसवलं आणि सांगितलं, मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. मग शेजारणीने गोष्टींचं पुस्तक दिलं आणि मी ते वाचत बसले. आई कामावरून आली तेव्हा अंधारून आलं होतं. तिने कपाट उघडलं तर तू गुडघ्यांत डोकं घालून बसलेली, फ्रॉक ओला झालेला. आई ओरडली, बाहेर का नाही आलीस वेडे, कपाटाला कडी तरी आहे का? आणि तू म्हणालीस, "ताई म्हणाली होती ना." आपल्या घरात पुढे कितीतरी वर्षं हा विनोद म्हणून सांगितला गेला. मीही सांगितला आहे, पाहुण्यांना हसवत.

आता ती सहा वर्षांपूर्वीची दुपार. तू माझ्या दारात उभी होतीस, हातात निळी सूटकेस, पायात घरातल्या सपाता. पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "ताई, मी काय करू?" बाकी काही सांगितलं नाहीस, सांगावं लागलंच नाही, कारण मी काही विचारलंच नाही. मी उठले, वही आणली आणि एकशे सतरावं वाचून दाखवलं. तू ऐकलंस, मान हलवलीस. पाच वाजायच्या आत सूटकेस घेऊन परत गेलीस. प्रयोगशाळेतली नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी सुटली तुझी. मग मैत्रिणी. मग तुझा वेगळा फोन. त्या दिवशीच्या डायरीत आहे: "खारू येऊन गेली. ११७ वाचले. शांत झाली."

चुकीचं वाक्य चुकीच्या माणसाला लावलं, इतकंच असतं तर मी कॅसेटवर दोष टाकून मोकळी झाले असते. पण त्याच पानावर खाली आणखी एक ओळ आहे, आणि तीच मला इतके दिवस तुला लिहू देत नव्हती. "संध्याकाळ नेहमीसारखी मिळाली. बरे झाले." मी वही आणायला उठले तेव्हा माझ्या मनात काका नव्हते, खारू. माझ्या मनात खोली होती. एकच खोली, एकच पलंग, टेबल खिडकीशी. तू राहिलीस तर दुसरी खाट कुठे टाकायची, रात्री दिवा किती वाजता बंद करायचा, तू रडलीस तर मी लिहिणार कशी, हे सगळं तू पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत माझ्या डोक्यातून फिरून गेलं होतं. वाक्य नंतर सापडलं. वहीतल्या सगळ्या वाक्यांतून ते निवडणारी मी होते. काकांचं वाक्य मी तुझ्यावर दार लावायला वापरलं, आणि ते इतकं पवित्र होतं की दार लागल्याचं तुलाही कळलं नाही. मी वही मांडीवर घेऊन कपाटाबाहेर बसून राहिले, आणि तू फोनवरून दर वेळी विचारत राहिलीस, पुन्हा वाच ना गं.

काल मी काकांपुढे बसून हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच वही न घेता गेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ऐकता ऐकता माझ्या चष्म्याची काच अंगठ्याने पुसायला लागले आणि आणखीच डाग पाडले. मला हसू आलं, रडूही आलं. अर्थ काही लावला नाही. अध्यक्षांना दुसऱ्या आवृत्तीबद्दल निरोप पाठवलाय की प्रश्नांसकट छापणार असाल तर मी आहे, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. ते चिडलेत. म्हणतात, प्रश्न घातले तर पुस्तक लोकांच्या कामाचं राहणार नाही.

काकांवरचा माझा विश्वास उडाला असं समजू नकोस. त्या विक्रेत्याने म्हणे खरंच ती नोकरी टिकवली आणि तो सुखात आहे. वाक्य खरं होतं, त्याचं होतं. आणि म्हणूनच एक विनवणी. आता ते दुसरं, "आजच ऊठ"वालं, एकशे सतराच्या जागी नेऊन बसवू नकोस. तेही कॅसेटमधल्या त्या बाईचं आहे. तुझ्या घरात काय होतं, सासूबाईंना तू सोडून कोण, तुला काय हवंय, यातलं मी काहीच विचारलेलं नाही. मग मी तुला ऊठ तरी कुठल्या तोंडाने म्हणू? फक्त माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य मी परत घेते. तुला कुणीही बस म्हटलेलं नाही. काकांनी नाही, आणि आता मीही नाही. कपाटाला कडी नाही, खारू.

आता पातळ कागदांचं कारण. उद्या वहिनी सासूबाईंचा नवा चष्मा द्यायला तुमच्याकडे येतील आणि तुझाही दुरुस्त झालेला चष्मा, डबीच्या तळावर बोट ठेवून, तुझ्या हातात देतील. तुझ्या चष्म्याची डबी घरात कुणी उघडून बघत नाही असं त्या म्हणाल्या. त्यांना अशा गोष्टी बरोबर कळतात. डबीतल्या मखमलीचा तळ सुटा आहे. हे पत्र त्याखाली होतं. अजून नीट चाचपलंस तर माझ्या खोलीची किल्लीही सापडेल. दुसरी खाट परवा आणली. टेबल आता खिडकीशी राहिलेलं नाही, दाराजवळ गेलंय, आणि काही बिघडलं नाही; हे पत्र तिथेच बसून लिहिते आहे. वहिनींनी सासूबाईंच्या नव्या चष्म्याची डावी काडी मुद्दाम जरा सैल ठेवली आहे. दोन-चार दिवसांत चष्मा नाकावरून घसरायला लागेल आणि कुणालातरी तो घेऊन दुकानात यावं लागेल. गुरुवार ते शनिवार, तिन्ही दिवस, दहापासून दुकान बंद होईपर्यंत मी मागच्या खोलीत बसलेली असेन. वही घरी ठेवून येईन. तू आलीस तर या वेळी मी विचारेन, आणि तू सांगशील तेवढं ऐकेन. नुसती काडी घट्ट करून घेऊन परत जावंसं वाटलं, तर वहिनी घट्ट करून देतील, कुणी काही म्हणणार नाही, आणि किल्ली तुझ्याचकडे राहील. हे कागद फाडून पाण्यात सोडून दे. ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

तुझीच, कपाटापाशी उशिरा आलेली,
ताई